सासूचा आजार सुनेच्या रक्तात

“मॅडम, दोन्ही रिपोर्ट खराबच आलेत. आता सही करा आणि मोकळ्या व्हा,” निखिल फोनवर म्हणाला.

निखिल हा किडनीचा डॉक्टर. माझ्यापेक्षा बराच लहान, हुशार आणि कायम घाईत. नगरमध्ये आमची लॅब आणि त्याचं डायलिसिस सेंटर एकाच रस्त्यावर आहे. शहराच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण माझ्या तोंडात नगरच येतं. मी पॅथॉलॉजिस्ट. रक्त गोठण्याच्या तपासण्या हा माझा खास विषय. या विषयात मला फारसं कुणी चकवू शकत नाही असं माझं मत आहे, आणि हे मत मी लपवून ठेवत नाही.

“सही करणार नाही,” मी म्हणाले.

“का? पहिला रिपोर्ट खराब आला, तुम्ही रिपीट मागितलं. रिपीट त्याहून खराब आला. आणखी काय हवं?”

“तेच खटकतंय. त्याहून खराब का यावा?”

निखिलने उसासा टाकला. त्याचंही चुकत नव्हतं. त्याच्या एका खुर्चीवर आठवड्यातून तीनदा राहुल नावाचा मुलगा येऊन बसायचा. श्रीगोंद्याकडच्या एका गावातला, साखर कारखान्यात फिटर, वय तिशीच्या आत. दोन्ही किडन्या गेलेल्या. ट्रान्सप्लांट पुण्यात होणार होतं. वडील हयात नाहीत. बहिणीला शुगर, मामालाही शुगर. बायको किडनी द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट जुळत नव्हता. राहिली आई, मंदाबाई. गट तोच, तब्येत ठणठणीत, बीपी नाही, शुगर नाही. सगळं जुळलं होतं. तपासणीत मंदाबाई सहज सांगून गेल्या की दुसऱ्या बाळंतपणात रक्त जरा जास्त गेलं होतं. निखिल काळजी घेणारा डॉक्टर. त्याने रक्त गोठण्याच्या सगळ्या तपासण्या लिहून दिल्या, आणि तिथे गाडी अडली.

रिपोर्टप्रमाणे मंदाबाईंना फॉन विलेब्रँड नावाचा आजार होता. असा आजार असलेल्या माणसाची किडनी कुणी काढत नाही. ऑपरेशनच्या टेबलावर रक्त थांबलं नाही तर देणाराच जायचा. माझी सही झाली की मंदाबाई बाद, आणि राहुलचं नाव मेलेल्या माणसाच्या किडनीची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत. ती रांग किती हळू सरकते हे निखिलला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणूनच त्याला घाई होती. एक दार बंद होणार असेल तर ते लवकर बंद व्हावं, म्हणजे दुसरं ठोठावता येईल, असं त्याचं गणित होतं.

हा आजार काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं वाऱ्यावर जाईल.

आपल्या रक्तात फॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं एक प्रोटीन असतं. प्रोटीन म्हटलं की लोकांना डाळ आणि अंडी आठवतात. हे प्रोटीन म्हणजे एक लांबच लांब साखळी आहे. तिचे तुकडे पडतात, उसाला पेरं असतात तसे. प्रत्येक तुकड्याला डोमेन म्हणतात आणि प्रत्येक डोमेनचं काम ठरलेलं असतं. आपल्याला त्यातले दोनच लागणार आहेत. एकाचं नाव ए-थ्री. रक्तवाहिनी कुठे कापली गेली की आतला धागेदार थर उघडा पडतो. ए-थ्री त्या थराला जाऊन चिकटतो आणि सगळी साखळी तिथे बांधून ठेवतो. दुसऱ्याचं नाव ए-वन. हा म्हणजे आकडा. रक्तातून प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी वाहत असतात, त्यांना हा आकडा अडकवून घेतो. प्लेटलेटच्या अंगावर त्यासाठी कड्या असतात. आकडा कडीत अडकला, प्लेटलेट थांबली, तिच्यावर दुसरी, तिसरी. छिद्र बुजलं. मग त्यावर पक्की गाठ धरायची कामं बाकीची प्रोटीनं करतात.

आता यातली खरी गंमत. हा ए-वनचा आकडा नेहमी उघडा राहिला तर? वाहत्या रक्तातच प्लेटलेट अडकत बसतील, आणि माणूस गुठळ्या होऊन मरेल. म्हणून एरवी साखळी गुंडाळलेली असते आणि आकडा आत दडलेला असतो. जखम झाली, साखळीचं एक टोक भिंतीला चिकटलं, वरून रक्ताचा जोराचा प्रवाह तिला ओढायला लागला, की ती ताणली जाते आणि आकडा बाहेर येतो. म्हणजे हवा तिथे आणि हवा तेव्हाच. हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मला जेवढं नवल वाटलं होतं तेवढंच आजही वाटतं.

फॉन विलेब्रँड आजारात ही साखळी तरी कमी असते, नाहीतर तिचा आकडा बिघडलेला असतो. आम्ही दोन गोष्टी मोजतो. साखळी आहे किती, आणि ती काम करते किती. मंदाबाईंच्या रिपोर्टमध्ये साखळी कमी होती, पण काम त्याहून फारच कमी होतं. पुस्तकात उघडून बघितलं तर उत्तर एकच: ए-वनमध्ये दोष, आजार जन्मजात.

पुस्तक ठीक आहे. पण पुस्तकाने मंदाबाईंना प्रश्न विचारले नव्हते. ते मी विचारायचे ठरवले आणि निखिलकडून नंबर घेऊन सरळ फोन लावला.

“जयभीम मॅडम,” पलीकडून आवाज आला. मागे शेळी ओरडत होती आणि कुणीतरी लहान मूल तिच्याहून मोठ्याने.

“जयभीम मंदाबाई. थोडं विचारायचंय. कधी दात काढलाय?”

“व्हय, दोन काढल्यात. एक बाजारच्या दिवशी काढला, आन् तसाच बाजार करून घरी आले.”

“रक्त थांबलं का लगेच?”

“कापूस धरला, थांबलं. का वो?”

“नाकातून रक्त यायचं का लहानपणी? अंगावर काळेनिळे डाग?”

“न्हाई बा. मॅडम, मी खुरपायला जाते, ऊसतोडीला गेल्ते चार-पाच वरसं. हाताला कोयता किती येळा लागला आसंल. माती दाबायची आन् पुढं चालायचं. माझं रगत चांगलं हाय. तुमी ल्याबवालं काय बी सांगता.”

“आणि ते बाळंतपण?”

“त्ये व्हय. वार आडकली हुती. सविताच्या येळंला. मोठ्या डाक्टरीनबाईनं काढली, मंग थांबलं.”

वार अडकली तर राणीचंही रक्त जातं. त्याचा प्रोटीनशी काही संबंध नाही. फोन ठेवला तेव्हा माझी खात्री झाली होती की या बाईचा ए-वन बिघडलेला नाही. पण दोन रिपोर्ट समोर होते आणि माझं मशीन खोटं बोलत नव्हतं. रोज सकाळी ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं कंट्रोल सॅम्पल त्यात घालून आम्ही मशीनची परीक्षा घेतो. ते रोज पास होत होतं.

माझी सीनियर टेक्निशियन शबाना म्हणाली, “मॅडम, जन्मजात असेल तर घरात आणखी कुणाला असेल ना?”

बरोबर होतं. जन्मजात आजार एकटा येत नाही, नातेवाईक घेऊन येतो. मंदाबाईंचा भाऊ आणि मुलगी सविता यांची तीच तपासणी करायची ठरली. दोघंही त्याच गावात. सविता बाळंतपणानंतर माहेरीच होती. त्यांना नगरला बोलवायचं म्हणजे मामाचा रोज बुडणार आणि सविताच्या तान्ह्या बाळाचे हाल होणार, म्हणून सॅम्पल मंदाबाईंच्या वेळेसारखंच गावातल्या कलेक्शन सेंटरवर घ्यायचं. ते सेंटर दत्ता चालवतो. दत्ता रीतसर लॅबचा डिप्लोमा केलेला, चाळिशीतला, शीर कधी न चुकणारा माणूस. त्याच्या हाताने सुई टोचून घेतलेली लहान मुलंसुद्धा रडायचं विसरतात. मी त्याला फोन केला आणि म्हणाले, “दत्ता, हे फार महत्त्वाचं सॅम्पल आहे. एका मुलाचा जीव त्यावर आहे. नीट काळजी घेऊन पाठव.”

“मॅडम, तुमी काळजीच करू नका,” दत्ता म्हणाला. “मागच्या बारीला सांगितलं तवापासनं डबल काळजी घेतोय.”

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शबाना कागद घेऊन माझ्या केबिनमध्ये आली आणि दारातच थांबली. ती अशी थांबली की मला कळतं, काहीतरी विचित्र आहे.

“तिघांचं आलंय,” ती म्हणाली.

“दोघांचं.”

“दत्ताने तीन पाठवले. राहुलच्या बायकोचं पण घेतलं. प्रियंका. ती म्हणे ऐकेचना, माझंही बघा, कुठेतरी उपयोग होईल म्हणाली. त्याने पैसे न घेता घेतलं.”

“बरं. मग?”

“तिघांनाही आजार आहे.”

मी कागद ओढून घेतला. मामा, सविता, प्रियंका. तिघांचं साखळीचं प्रमाण कमी, आणि काम त्याहून कमी. हुबेहूब मंदाबाईंसारखं. मामा आणि भाचीचं समजू शकलं असतं. पण सून? सासूचा जन्मजात आजार सुनेच्या रक्तात कसा आला?

त्याला आपल्याकडे एक सरळ उत्तर असतं. या भागात मामाची मुलगी करायची पद्धत जुनी आहे. सून आणि सासू आत्या-भाची निघू शकतात. म्हणून मी आनंदाने उडी मारली नाही. प्रियंका त्या वेळी निखिलच्या सेंटरमध्येच होती. ती राहुलला घेऊन एसटीने यायची, आणि त्याचं डायलिसिस होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर मुलाशी बोलत राहायची. मी रस्ता ओलांडून गेले आणि तिच्या शेजारी बसले.

“प्रियंका, तू राहुलच्या मामाची मुलगी का गं?”

ती हसली. “नाही मॅडम. मामांना मुलगीच नाही. माझं माहेर नाशिककडचं. वधू-वर मेळाव्यात जमलं आमचं.”

“लांबचं काही नातं? आजीकडून, कुणाकडून?”

“काहीच नाही. लग्नाआधी मी श्रीगोंदा नकाशातसुद्धा बघितला नव्हता.” मग तिचा चेहरा उतरला. “का मॅडम? माझ्यात पण काही निघालं का?”

“तुझ्यात काही नाही,” मी म्हणाले. कागद पर्समध्ये होता आणि त्यावर नेमकं उलट छापलेलं होतं, तरी मी हे छातीठोक सांगितलं. “तुझ्या सासूबाईंमध्येही काही नाही. परवा सिद्ध करते.”

तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आई म्हणाल्या आहेत, ती म्हणाली, माझी किडनी घेतली नाही तर मी तशीच पुण्याला जाऊन बसेन, हलणार नाही. मी उठले आणि निखिलच्या केबिनमध्ये गेले, कारण डॉक्टरने बाकावर बसून रडणं बरं दिसत नाही.

“चार माणसं,” मी निखिलला म्हणाले. “एकीचा बाकीच्यांशी रक्ताचा काही संबंध नाही. तरी चौघांना एकच जन्मजात आजार. मग या चौघांत सारखं काय आहे?”

निखिल हुशार आहे हे मी आधीच सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. “कलेक्शन सेंटर.”

“परवा माझी गाडी श्रीगोंद्याला.”

रक्त गोठण्याच्या तपासणीचं सॅम्पल हे लाडावलेलं सॅम्पल असतं. निळ्या टोपणाच्या नळीत घ्यायचं. त्यात आधीच सायट्रेट नावाचं औषध असतं, ते रक्त नळीत गोठू देत नाही. नळी खुणेपर्यंतच भरायची, कमी नाही, जास्त नाही. हलक्या हाताने उलटसुलट करायची, हलवायची नाही. यातलं काय चुकत असेल याचा विचार करत मी निघाले. उन्हाळा होता. सकाळीच गाडीचा एसी दमायला लागला होता. दोन्ही बाजूंनी ऊस आणि मध्येमध्ये उसाच्या रसाची गुऱ्हाळं, तीही अजून उघडायची होती.

दत्ताचं सेंटर त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. शेजारच्या खोलीत त्याच्या भावाचं दूध संकलन केंद्र. मी पोहोचले तेव्हा किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी होती, फॅट मोजायचं मशीन टुकटुक करत होतं आणि दत्ता एका म्हाताऱ्याचं रक्त घेत होता. मला बघून तो गडबडला नाही. खुर्ची पुसली आणि चहा सांगितला. मी कोपऱ्यात बसले आणि नुसती बघत राहिले.

हात स्वच्छ. सुई एकदाच. नळी खुणेपर्यंत. उलटसुलट, हलक्या हाताने. नाव, वेळ, सगळं लेबलवर. माझ्या लॅबमधल्या निम्म्या पोरांना इथे आणून बसवावं असं काम. मग त्याने नळ्या स्टँडमध्ये लावल्या, स्टँड उचलला आणि मधल्या दाराने दुधाच्या खोलीत गेला.

मी मागोमाग गेले.

दुधाच्या खोलीत स्टीलची मोठी टाकी होती, बल्क कूलर म्हणतात ती. तिच्याशेजारी बर्फाने गच्च भरलेला एक थर्माकोलचा डबा. दत्ताने निळ्या टोपणाच्या नळ्या त्या बर्फात मानेपर्यंत रोवल्या, वर आणखी मूठभर बर्फ टाकला आणि झाकण लावलं. बाकीच्या रंगांच्या नळ्या बाहेरच राहिल्या.

“दत्ता, हे काय?”

“बर्फ, मॅडम.”

“ते दिसतंय. का?”

“ऊन लई हाय मॅडम. आपली गाडी दुपारी येती. तवर इथंच पडून राहतंय. दूध धारंनंतर गार न्हाई केलं तर नासतं. ह्ये तर रगत. त्यात परत तुमचं ह्ये गोठायचं सॅम्पल, लई नाजूक. बाकीच्याला मी बर्फ लावत न्हाई. निळ्यालाच लावतो.”

“आणि मंदाबाईंचं रिपीट?”

“तुमी म्हनला नीट पाठव. मंग मी बर्फ डबल टाकला. खालून बी, वरून बी.” तो थोडा अभिमानाने म्हणाला. “गाडी आली की काढून पुसून देतो, वलं नको जायला.”

म्हणून आमच्याकडे येईपर्यंत नळ्या कोरड्या आणि कोमट झालेल्या असायच्या. बर्फाचा मागमूस नाही. मी दारात उभी राहिले आणि मला हसू आलं. खरंतर ओरडायला हवं होतं. पण तुम्हीच सांगा, माणसाने जेवढी जास्त काळजी घेतली तेवढा रिपोर्ट खराब आला, याच्यावर ओरडणार तरी काय? शिवाय काही तपासण्यांची सॅम्पलं बर्फात पाठवा असं आम्हीच सांगतो. त्याने ते ऐकून दुधाच्या हिशेबाने पुढे नेलं होतं. दुधाच्या घरात वाढलेल्या माणसाला गार म्हणजे सुरक्षित, हे शिकवावं लागत नाही.

“दत्ता, बस,” मी म्हणाले. “दूध थंडीत टिकतं. हे रक्त थंडीत फसवतं.”

त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगते. गोळा केलेलं रक्त तसंच बर्फात ठेवलं की प्लेटलेटना वाटतं काहीतरी विपरीत घडलंय. त्यांचा आकार बदलतो, आणि अंगावरच्या त्या कड्या, ज्यात ए-वनचा आकडा बसतो, त्या जवळजवळ गोळा होतात. जखम नसताना, प्रवाह नसताना, नळीतल्या नळीत आकडे कड्यांत अडकायला लागतात. आणि सगळ्यात आधी अडकतात त्या लांब साखळ्या, कारण आकडे त्यांच्याकडेच सगळ्यात जास्त, आणि काम करणाऱ्याही त्याच. मग नळी आमच्याकडे येते. आम्ही ती सेंट्रीफ्यूजमध्ये घालतो. ते यंत्र नळी गरागरा फिरवतं, पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं, त्याला प्लाझ्मा म्हणतात. आम्ही तपासतो तो प्लाझ्मा. प्लेटलेट तळाला जाताना अडकलेल्या साखळ्या बरोबर घेऊन जातात. वर उरतात त्या थोड्या आणि आखूड. मशीन प्रामाणिकपणे सांगतं की साखळी कमी आहे आणि काम त्याहून कमी आहे. साखळी कुठेच गेलेली नसते. ती खाली बसलेली असते.

दत्ताचा चेहरा पडला. “म्हंजी मंदाक्काचं... माझ्यामुळं?”

“आधी सिद्ध तर करू. माझं रक्त घे. दोन नळ्या.”

“तुमचं?”

“का, मी काय दूध देते?”

त्याने माझं रक्त घेतलं. शीर पहिल्याच झटक्यात मिळाली. एक नळी त्याच्या बर्फात त्याच्या पद्धतीने रोवली. दुसरी त्याच्या टेबलावर, पंख्याखाली, सावलीत उभी केली. गाडी यायच्या वेळेपर्यंत दोन्ही तिथेच राहू द्यायच्या असं ठरलं. तोवर मी मंदाबाईंचं घर विचारत निघाले.

मंदाबाई अंगणात बसून नातवाला भात भरवत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्या उठल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत, आधी म्हणाल्या, “माझं रगत चांगलं हाय.”

“मलाही तसंच वाटतं. हात बघू?”

त्यांनी हात पुढे केला. डाव्या हाताच्या बोटांवर पांढऱ्या रेघा, एकावर एक. कोयत्याचे आणि विळ्याचे वण. एक तर्जनीवर पार हाडापर्यंत गेलेला असावा असा. सगळे नीट भरून आलेले.

“याला टाके घातले होते?”

“कशाचं टाकं. चिंधी बांधली.” मग त्यांचा आवाज एकदम चढला. “मॅडम, तो तिकडं खुर्चीवर बसतोय, रगत बाहीर काढून धून परत घालत्यात. कारखान्यानं सांबाळून घेतलंय, किती दिस घेईल? प्रियंका म्हनती मी देते किडनी. हिचं ल्हान पोर हाय. हिला मी देऊ दीन व्हय? मी हाय ना. माझं आता काय ऱ्हायलंय. आन् तुमी म्हनता रगतात खोट हाय. माझ्या आईबापानं माझ्यात काय खोट ठिवली न्हवती.”

त्या रडल्या नाहीत. रागात होत्या, आणि तो राग माझ्या कागदावर होता. मला त्या बाईबद्दल इतका आदर वाटला की मी वाद घातला नाही.

“आज माझ्याबरोबर नगरला चला,” मी म्हणाले. “तुमचं रक्त मी स्वतः घेते आणि माझ्या समोर तपासते. संध्याकाळी राहुल आणि प्रियंकाबरोबर परत या.”

“बाळाला कोन बघंल? सविताला तिचंच तान्हं हाय.”

“त्यालाही घ्या.”

अशी आमची वरात निघाली. पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी दत्ता, दोन नळ्या सांभाळत. मागे मी, मंदाबाई आणि मांडीवर नातू. दत्ताने भावाला सेंटर बंद करायला सांगितलं आणि स्वतःहून गाडीत बसला. रस्त्यात तो नळ्यांकडेच बघत होता. एकदाच मागे वळून म्हणाला, “मंदाक्का, मी मुद्दाम न्हाई केलं.” मंदाबाईंना तोवर काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना बर्फाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी नातवाचं डोकं मांडीवर नीट घेतलं. मग म्हणाल्या, “गाडी जरा हळू चालवाया सांगा. प्वार झोपलंय.”

लॅबमध्ये मी मंदाबाईंचं रक्त घेतलं. तेही दोन नळ्यांत. एक टेबलावर आणि एक बर्फात, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मॅडमच्या रक्तात चाललं म्हणजे सगळ्यांच्या रक्तात चालेल. प्लाझ्मा वेगळा करायची वेळ आली तेव्हा शबाना, दत्ता आणि मी, तिघंही सेंट्रीफ्यूजभोवती उभे होतो. एरवी आम्ही तिथे उभं राहत नाही. ते यंत्र आवाज फार करतं आणि बघण्यासारखं त्यात काही नसतं.

आधी माझे निकाल आले. टेबलावरची नळी: सगळं उत्तम. बर्फातली नळी: साखळी कमी, काम त्याहून कमी. त्या नळीच्या म्हणण्याप्रमाणे मी जन्मापासून रक्तस्रावाची रोगी होते. माझी दोन सिझेरियन झाली आहेत आणि दोन्ही वेळा मी तिसऱ्या दिवशी घरी येऊन स्वयंपाकघरात डोकं घातलं होतं.

मग मंदाबाईंचे. बर्फातली नळी जुन्या रिपोर्टसारखीच होती. टेबलावरची नळी शबानाने वाचून दाखवली. साखळी भरपूर, काम भरपूर. ए-वन आपल्या जागी, दडून बसलेला, हवा तेव्हा बाहेर येणारा.

“वाच परत,” मी म्हणाले. मला कळलं नव्हतं असं नाही. मला परत ऐकायचं होतं.

सही करायला मी इतकी घाई आयुष्यात केली नसेल. दोन्ही जुने रिपोर्ट रद्द, कारणासहित. मामा, सविता आणि प्रियंकाचेही रद्द. निखिल स्वतः रस्ता ओलांडून आला. त्याने चारही नळ्यांचे निकाल बघितले आणि दत्ताकडे बघितलं. मला वाटलं आता हा सुनावणार. मी मध्ये पडायची तयारी केली.

“बर्फात?” निखिल म्हणाला.

“व्हय सर,” दत्ता म्हणाला.

“मलाही माहीत नव्हतं,” निखिल म्हणाला. “एमडी आहे मी.” आणि तो पुण्याला फोन लावायला निघून गेला.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे परत तपासणी केली, ते त्यांनी करायलाच हवं होतं. सगळं नॉर्मल आलं. ऑपरेशन झालं. सर्जनने निखिलला सांगितलं की आईचा रक्तस्राव नेहमीच्या पेशंटपेक्षा कमीच झाला. निखिलने हे मला मुद्दाम फोन करून सांगितलं आणि मीही ते मुद्दाम दोनदा वदवून घेतलं.

आमच्या सगळ्या कलेक्शन सेंटरना मी नवी सूचना पाठवली. निळी नळी बर्फात ठेवायची नाही, फ्रीजमध्येही नाही. सावलीत ठेवायची आणि लवकर पाठवायची. जिथे गाडीला उशीर होतो तिथे दोन सेंटरना मिळून एक छोटा सेंट्रीफ्यूज दिला. दत्ताला मी ट्रेनिंगला बोलावलं, शिकायला नाही, शिकवायला. बाकीच्या सेंटरवाल्यांसमोर उभा राहून तो स्वतःची चूक स्वतः सांगतो. दुधाचं उदाहरण तोच देतो. माझ्या ए-वन, ए-थ्रीपेक्षा त्याचं दूध लोकांच्या जास्त लक्षात राहतं. मला त्याचा थोडा मत्सर वाटतो.

या सगळ्यातून मी काय शिकले असं कुणी विचारलं तर उत्तर साधं आहे. विचित्र रिपोर्ट आला की लोक म्हणतात मशीन तपासा. मशीन तपासाच. पण त्याआधी नळी त्या दिवशी कुठे कुठे गेली होती ते विचारा. आणि ज्याचं रक्त आहे त्या माणसाचं ऐका, त्याने ते रक्त तुमच्यापेक्षा जास्त वर्षं वापरलेलं असतं.

बऱ्याच महिन्यांनी मंदाबाई आल्या. राहुलला चेकअपला घेऊन. म्हणजे खरंतर राहुल त्यांना घेऊन आला होता, कारखान्याचा निळा शर्ट घालून, कामावरून सुट्टी काढून. त्यांनी पदराखालून डबा काढला. ताज्या चिकाचा खरवस होता.

“दत्ताच्या म्हशीचा हाय,” त्या म्हणाल्या. “त्यानंच दिलाय. मला म्हनला, मॅडमला द्या, पन नाव सांगू नका.”

“अजून लाजतो का तो?”

“लई लाजतो. रोज इचारतो, मंदाक्का बरं हाय का, राहुल पानी बरुबर पितो का. मॅडम, त्याला काय बोलू नका आता. त्यानं माझं रगत लई जपलं हुतं.”

त्यांचं खरं होतं. रिपोर्टच्या कागदावर ते लिहायला कुठे जागा नाही, म्हणून इथे लिहिते. खरवस मात्र मी लगेच फ्रीजमध्ये ठेवला.